पांढऱ्या रेघेची कड

दाराला आतून कडी होती. बाहेर सासरे खुर्ची टाकून बसले होते, कान दाराला लावून.

"हवा जास्त आहे," ते म्हणाले.

आत फवारेबाईने कॉम्प्रेसरची चावी किंचित मागे फिरवली. रंग फवारणाऱ्या एअरब्रशचा आवाज खाली उतरला.

"आता ठीक. आणि हात थांबवू नकोस. थांबलीस की ओघळ आलाच म्हणून समज."

"थांबला नाहीये, बाबा."

"मला ऐकू येतंय ते."

त्यांना दिसत मात्र काही नव्हतं. मध्ये बंद दार होतं आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला होता. खिडकीतला पंखा आतलं रंगाचं धुकं बाहेर ओढत होता, तरी टॉवेल हवाच, असं सासूबाईंचं म्हणणं. सासऱ्यांच्या छातीला रंगाचा वास चालत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती आणि घरी येऊन चोरून फवारा मारला होता. सासूबाईंना ते जमिनीवर बसलेले सापडले. ओठ निळे. त्या दिवसापासून कॉम्प्रेसरची वायर सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात होती. आज ती बाहेर निघाली होती, पण फक्त सुनेसाठी.

फवारेबाई हे तिचं केकच्या दुकानातलं नाव. दुकानात केकवर रंग चढवायचं काम तिचं. तिचा हात असा, की गुलाबी कुठे सुरू झाला आणि पांढऱ्यात कुठे विरला ते गिऱ्हाइकाला सांगता येऊ नये. पण केकवरच्या रंगाला आयुष्य नसतं. संध्याकाळपर्यंत तो पोटात जातो. चूक झालीच, तर तिच्यावर क्रीमचं एक फूल बसवायचं. मोठ्या केकवरची निम्मी फुलं अशीच बसलेली असतात, असं ती हसत सांगायची.

बोटीवर क्रीमचं फूल बसवता येत नाही.

बोट टेबलावर, एका उलट्या वाटीवर टेकवलेली होती. हातभर लांब. टगबोट, म्हणजे मोठ्या जहाजांना दोर बांधून धक्क्यापर्यंत ओढत आणणारी, बुटकी, रुंद छातीची बोट. खऱ्या बोटीच्या इंजिनाशी सासऱ्यांची सगळी नोकरी झाली होती. पुढे तिचे तुकडे होऊन ती भंगारात गेली. सासऱ्यांनी आठवणीतून तिची लहान प्रत बांधली. खोक्यातले तयार भाग जोडून नव्हे. पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापून, वाकवून, घासून. खऱ्या बोटीच्या अंगावर रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांच्या, रांगा होत्या, म्हणून हिच्याही अंगावर होत्या. टाचणीच्या टोकावर पांढऱ्या डिंकाचा थेंब घ्यायचा, पत्र्याला टेकवायचा, वाळू द्यायचा. की झालं एक रिव्हेट. मग दुसरं. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या नवऱ्याने जेवढा वेळ त्या फुटकुळ्यांना दिला तेवढा मला दिला असता, तर मी अजून तरुण दिसले असते."

त्या फुटकुळ्यांनीच सगळी गोची करून ठेवली होती. साध्या मॉडेलवर रंग बिघडला तर पॉलिशपेपर घेऊन घासायचं आणि पुन्हा मारायचं. इथे घासलं की रिव्हेटं जाणार. रंग एकदाच बसायचा होता आणि तो आजच बसायचा होता. कारण खऱ्या बोटीचा कप्तान आज गाव सोडून लेकीकडे, दूर देशी कायमचा चालला होता. वाटेत तो इथे थांबणार, बोट घेणार आणि तसाच विमानतळावर जाणार. पुन्हा यायचं त्याचं वयही नव्हतं. सासऱ्यांनी त्याला शब्द दिला होता. बोट बांधून झाली होती. छाती मात्र मध्येच बंद पडली.

तेव्हा ते एका जेवणाच्या वेळी, ताटाकडे बघत, सुनेला म्हणाले होते, "केकचा हात बोटीवर चालेल का?"

"बोटीलाच विचारू," ती म्हणाली होती.

सासूबाई दोघांकडे बघत राहिल्या होत्या. बोट बांधायच्या खोलीत केर काढायलाही कुणाला परवानगी नव्हती.

शिकवणी झाली प्लास्टिकच्या जुन्या चमच्यांवर, गच्चीत. सासरे लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचे आणि ओरडून सांगायचे. रंग दुधासारखा पातळ पाहिजे. दही झालं तर अंगावर दाणे उठतील. पहिला हात धुक्यासारखा, नुसता वास लागल्यासारखा. झाकला नाही म्हणून घाबरायचं नाही. पुढचा हात, मग त्याच्या पुढचा. केकवर ती एकाच दमात रंग भरायची, ते इथे चालत नव्हतं. "टेपच्या पट्टीच्या कडेला जाड रंग साचला की पट्टी काढल्यावर बांध उभा राहतो," ते सांगायचे. "डोळ्याला दिसणार नाही. बोटाला लागेल. कप्तान कडेवरून हाताचं बोट फिरवून बघणार. मी ओळखतो ना त्याला. डेकवर बोट फिरवून मला शिव्या घालायचा."

पांढरा रंग परवाच मारून झाला होता. बोटीच्या अंगावर, पाणी जिथे टेकतं तिथे, एक बारीक पांढरी रेघ हवी होती. तिच्या खाली लाल, वर काळा. म्हणून आधी सगळं पांढरं केलं, मग रेघेपुरती मास्किंग टेपची बारीक पट्टी चिकटवली. काल लाल झाला. लालाच्या वेळची पट्टी जराशी सरकली होती म्हणून आज सकाळी तिने ती काढून नवी लावली. लाल भाग कागदाने झाकला. सासऱ्यांनी सांगितलं होतं तसा पट्टीच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक हात मारला, म्हणजे फटीत काही शिरलं तर ते पांढरंच शिरावं आणि फट बुजून जावी.

मग काळा.

"झालं?" बाहेरून आवाज आला.

"झालं. चकचकीत नाही, आणि दाणाही नाही."

"सायीसारखा दिसतोय?"

तिने बोट दिव्याखाली कलती केली. काळ्यावरून उजेड सरळ, न अडखळता घसरत गेला. इतकं गुळगुळीत तिने कधी काही केलं नव्हतं.

"साय काय," ती म्हणाली. "त्याहून चांगला दिसतोय."

बाहेर खुर्ची करकरली. खूश असले की सासरे गप्पच बसत.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "काय हो, जन्मभर मला त्या खोलीबाहेर ठेवलंत. कसं वाटतंय बाहेर?"

"गार वाटतंय. चहा गरम आहे ना?"

"सुनेने सासऱ्याला घराबाहेर काढलं म्हणून शेजारी सांगून येते."

"सांग. आणि परत येताना बिस्किटं आण."

आत फवारेबाई हसली. मास्कच्या आत तिचे ओठ खारट झाले होते. काळा वाळेपर्यंत थांबायचं होतं, पण पूर्ण कडक होऊ द्यायचा नव्हता. कडक झालेला रंग पट्टीबरोबर तुकड्याने उचकटून येतो. बोटाला चिकटत नाही पण नखाला अजून मऊ लागतो, अशा वेळी पट्टी ओढायची. तिने सोबतच एका चमच्यावर मारलेला काळा नखाने दाबून बघितला. अजून नाही. पुन्हा बघितला.

"वेळ झाली," सासरे म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू श्वास घेणं बंद केलंस."

तिने चिमटा घेतला. बोटीच्या मागच्या अंगाकडून पट्टीचं टोक सोडवलं आणि ते मागे, स्वतःवरच दुमडून, रंगाला जवळजवळ घासत ओढायला लागली. केकवरून साचा उचलतात सरळ वर. इथे वर उचललं की कड फाटते. ती दुमडून ओढत राहिली. खालून पांढरी रेघ उमटत आली. वर काळा, खाली लाल, मध्ये ती. सुरीने कापल्यासारखी. एक अंग झालं. तिने बोट फिरवली.

"एक बाजू आली," ती म्हणाली. "बाबा, काय आली आहे!"

"बडबड नको. दुसरी घे."

दुसरी बाजूही तशीच येत होती. मधल्या भागापर्यंत तशीच. पुढे, बोटीच्या नाकाजवळ जिथे रिव्हेटं दाटीने बसली होती, तिथे पट्टी फार सहज सुटली. ओढावी लागलीच नाही. आपण होऊन आली.



पांढऱ्या रेघेत काळा शिरला होता. प्रत्येक रिव्हेटाच्या बाजूने, एकेक दात. करवतीसारखे.

तिने पट्टी उलटी करून दिव्याला धरली. चिकट बाजू चिकट नव्हती. तिच्यावर पांढरी, मऊ भुकटी बसली होती. तिने ती बोटाने चोळली, आणि मग तिचा हात आपोआप ॲप्रनच्या खिशाकडे गेला. खिशात कापडाची लहान पुरचुंडी होती. कॉर्नफ्लोअरची. दुकानात साखरेचा मऊ गोळा लाटताना तो हाताला चिकटू नये म्हणून बोटांना पीठ चोळतात. हात घामेजले की बोटं आपणच खिशात जातात, डोक्याला विचारत नाहीत. सकाळी ती दुकानातून थेट आली होती. ॲप्रन काढायचाही धीर नव्हता. नाकाजवळची पट्टी लावताना हाताला घाम फुटला होता, तेवढं आठवत होतं. पुरचुंडी आठवत नव्हती. पण पीठ तर समोर होतं. पांढऱ्याचा हात मारला तेव्हा पट्टी कशीबशी टेकून असेल. वाळता वाळता रिव्हेटांवरून सुटली, आणि खाली वाट मोकळी झाली.

"बोल," बाहेरून सासरे म्हणाले.

तिने पट्टी टेबलावर ठेवली.

"सूनबाई."

खोटं बोलणं सोपं होतं. दार बंद होतं. बोट कागदात गुंडाळून थेट कप्तानाच्या हातात देता आली असती. कागद परदेशात उघडला असता. कप्तानाने रेघेवर हाताचं बोट फिरवून शिव्या घातल्या असत्या, आणि त्या इथे कुणाला ऐकू आल्या नसत्या.

"नाकाजवळ काळा शिरलाय," ती म्हणाली.

बाहेर खुर्ची मागे सरकली. कडी खडखडली.

"उघड."

"आत वास आहे, बाबा."

"दार उघड म्हणतोय ना."

"नाही उघडणार."

त्यांनी दारावर तळहात मारला. एकदा. दुसऱ्यांदा मारला तेव्हा हात सैल पडला आणि खोकला सुरू झाला. तो खोकला तिला भिंतीतून पायापर्यंत जाणवला. सासूबाई धावत आल्या. श्वासाच्या पंपाचा आवाज झाला, फस्, आणि पुन्हा फस्.

"बसा," सासूबाई म्हणत होत्या. "खाली बसा आधी. बोट बुडत नाहीये."

"बुडली तरी ओढून आणली असती," ते धापा टाकत म्हणाले. "ही घासता येत नाही."

मग बराच वेळ नुसता श्वास. फवारेबाई दाराला पाठ टेकून उभी होती. तिला रडू आलं असतं, पण मास्कमध्ये रडता येत नाही.

"कसं शिरलं?" त्यांनी विचारलं. आवाज खालून येत होता. ते जमिनीवर बसले असावेत.

"माझ्यामुळे. बोटांना पीठ होतं."

"काय होतं?"

"कॉर्नफ्लोअर. दुकानातली सवय. पट्टीच्या चिकट बाजूला लागलं."

सासऱ्यांनी एक विचित्र आवाज काढला. तिला वाटलं पुन्हा खोकला आला.

"पीठ," ते म्हणाले. "जन्मभर टेप लावतोय. तेल लागलं, घाम लागला, एकदा हिच्या मांजराचे केस लागले. पीठ कधी लागलं नाही." ते हसत होते की काय, तिला कळेना. मग आवाज बदलला. "ऐक आता. पांढरा थिनरचा आहे, कडक. पक्का झालाय. काळा मवाळ आहे. स्पिरिटने काळा सुटेल, पांढरा सुटणार नाही. टूथपिक घे. टोक ओलं कर आणि कापडाला टिपून घे, नुसतं दमट राहिलं पाहिजे. घासायचं नाही. कोरायचं. पण रिव्हेटं डिंकाची आहेत. डिंक स्पिरिटला घाबरतो. रंगाखाली आहे तोवर ठीक. एखाद्या जागी आत उतरलं, तर—"

खाली दाराची घंटा वाजली.

"आला," सासूबाई म्हणाल्या. "लवकर आला. तुम्ही उठू नका. मी बघते."

कप्तानाचा आवाज जिना चढत वर आला. मोठा, भोंग्यासारखा. "कुठाय माझी बोट? टॅक्सी थांबवून आलोय!"

"बसा तरी. चहा घ्या."

"चहा विमानात देतात!"

"तो चहा नसतो. बसा."

फवारेबाईने टूथपिक स्पिरिटमध्ये बुडवली, कापडाला टिपली. बोट गुडघ्यांच्या मध्ये, मऊ फडक्यात धरली. पहिल्या दाताला टोक टेकवलं. काळा आधी हलेना, मग मऊ होऊन टोकावर आला. खाली पांढरं स्वच्छ होतं. तिने टोक पुसलं. दुसरा दात.

"किती राहिले?" सासऱ्यांनी दाराखालून विचारलं.

"बरेच."

"जोर देऊ नकोस."

"नाही देत."

"टोक दर वेळी पुसतेयस ना? नाहीतर काळाच परत पसरेल. आणि उजेड बाजूने घे, वरून नको, वरून घेतलास तर रिव्हेटाची सावली—"

"बाबा," ती म्हणाली, "आता बोलू नका."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून सासऱ्यांना असं कुणी म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. सासूबाईही टोमणे मारायच्या, पण गप्प बसा असं म्हणायच्या नाहीत. तिने ते म्हटलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या दाताला टोक लावलं.

बाहेर सासरे गप्प बसले.

त्या गप्प बसण्याची तिला भीती वाटली आणि आधारही वाटला. दाराच्या त्या बाजूला श्वास चालू होता, इतकंच कळत होतं. दिवाणखान्यात कप्तान घड्याळ बघून काही म्हणत होता, सासूबाई बिस्किटं पुढे करत होत्या. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. ती कोरत राहिली. दात जात होते. रेघ पुन्हा सरळ होत नाकाकडे सरकत होती. जिथे काळ्याची कड जराशी खाल्ली गेली तिथे तिने बारीक ब्रशच्या दोनतीन केसांनी काळा परत टेकवला आणि बांध राहू नये म्हणून दमट टोक त्याच्यावरून अलगद फिरवलं. केकवर ती हेच करायची. पानाच्या शिरा अशाच काढायची.

शेवटचा दात सगळ्यात पुढे होता. टोक टेकवलं. काळा आला. त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आलं.

तिने टूथपिक डोळ्यांजवळ धरली. टोकावर मोहरीच्या दाण्याहून लहान, गोल, अर्धा काळा अर्धा पांढरा ठिपका होता. बोटीच्या नाकावर, रांगेत, एक जागा सपाट झाली होती.

मग तिने खिडकी पूर्ण उघडली, स्पिरिटची बाटली बंद करून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली, वास विरेपर्यंत पंख्यापाशी उभी राहिली. टॉवेल काढला. कडी काढली.

सासरे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. तिने बोट त्यांच्या मांडीवर ठेवली आणि टूथपिक पुढे केली.

"एक गेलं," ती म्हणाली.

त्यांनी टूथपिककडे बघितलंच नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा रेघेवरून फिरवला. मागून पुढे. लालावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून काळ्यावर. परत मागे. अंगठा कुठे अडला नाही.

"कड लागत नाही," ते म्हणाले.

"एक रिव्हेट गेलं, बाबा. नाकावरचं."

"ऐकलं मी." अंगठा नाकापर्यंत गेला आणि सपाट जागेवर थांबला. "हं. डिंक आण. आणि टाचणी."

कप्तान तोवर दारात येऊन उभा होता. कोट अंगात, टोपी हातात. तो काही बोलणार होता, पण सासऱ्यांकडे बघून थांबला.

सासऱ्यांनी टाचणीच्या टोकावर थेंब घेतला. श्वासाचा पंप घेतला की त्यांचे हात थरथरायचे. थेंब थरथरत बोटीजवळ आला, एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. त्यांनी हात मागे घेतला. पुसला. पुन्हा घेतला. पुन्हा तेच. कप्तानाने मान दुसरीकडे वळवली.

सासऱ्यांनी टाचणी सुनेकडे धरली.

"नको," ती म्हणाली. "रिव्हेटं तुमची आहेत."

"त्याचं विमान आहे," सासरे म्हणाले.

तिने हात ॲप्रनला नाही, स्वतःच्या केसांना पुसले. गुडघ्यांवर बसली. थेंब लहान घेतला. रांगेतल्या मोकळ्या जागेवर टाचणी टेकवली आणि सरळ वर उचलली. थेंब बसला. शेजारच्यांपेक्षा जरासा बुटका होता. वाळल्यावर त्याला काळ्याचा ठिपका लावायचा राहिला होता.

"आता घेऊ का?" कप्तानाने विचारलं आणि हात पुढे केला.

"नको!" दोघं एकदम म्हणाले.

कप्तानाचा हात हवेत राहिला.

"ओलं आहे," सासरे म्हणाले. "बस."

"अरे, टॅक्सी—"

"बस म्हणतो ना."

कप्तान बसला. खुर्ची सोडून जमिनीवरच, कोटासकट, गुडघे कसेबसे दुमडून. सासूबाई कप घेऊन दारात उभ्या राहिल्या. बोट सासऱ्यांच्या मांडीवर होती आणि सगळे त्या एका थेंबाकडे बघत होते. तो पांढरा होता. वाळला की पारदर्शक होणार होता.

खाली हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. कुणी उठलं नाही.